रुमालाखालचा फासा

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. घाटाखालच्या नांदुरा तालुक्यातील एक शेतकरी पालक महाविद्यालयात मला भेटावयास आले. त्यांचा मुलगा आमच्याकडे पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. सोयाबीनची पट्टी झाल्यावर हाती आलेले बत्तीस हजार रुपये त्यांनी मुलाच्या बँकखात्यात ठेवले होते. रब्बीच्या बियाण्या-खतासाठी ते काढावयास गेले तेव्हा खात्यात चारशे रुपये उरले होते. मोबाइलवर पैसे लावून खेळावयाच्या ल्युडोत बाकीची रक्कम तीन आठवड्यांत गेली होती. गृहस्थ रागावलेले दिसले नाहीत. रागावण्याची वेळ बहुधा घरीच उलटून गेली असावी. त्यांनी मला एवढेच विचारले, "सर, आमच्या गावात पारावर जुगार चालते तवा फासा कोनाच्या हातात हाय थे दिसते तरी. याच्यात फासा कोन फेकते, थे सांगा."

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या प्रश्नाचे उत्तर ताबडतोब देता आले नाही. मुलाच्या व्यसनाविषयी, बेकारीविषयी, हाती आलेल्या मोबाइलविषयी मी चार शब्द बोललो. ते खरे असले तरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पुढे जसजसा विचार करू लागलो तसतसे वाटू लागले की, पट आणि फासे यांचा खेळ संगणकात उतरवताना जे जे प्रश्न उद्भवतात, त्यांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्या शेतकऱ्याने विचारला होता; आणि तो आपल्या कायद्याने अद्याप पुरतेपणी विचारलेला नाही.

बेहड्यापासून मोबाइलपर्यंत

फाशांचा खेळ आपल्या समाजाला नवा नाही. ऋग्वेदात जुगाऱ्याच्या विलापाचे एक संपूर्ण सूक्त आहे. त्या काळचे फासे म्हणजे विभीतकाची, आपल्या बोलीत बेहड्याची, फळे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्यात बेहड्याची झाडे आजही उभी आहेत. महाभारतातील वनपर्वात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्याच झाडावरील पाने-फळे किती ते नजरेने सांगतो, नल ती मोजून पाहतो आणि राजाकडून 'अक्षहृदय' ही विद्या शिकून घेतो. मोजदाद आणि फासे यांचे नाते आपल्या पूर्वजांना उमगले होते, असाच या कथेचा अर्थ आहे.

पुढे चौपट, पचीसी आणि सारीपाट आले. फत्तेपूर सिक्रीच्या राजवाड्याच्या अंगणात पचीसीचा दगडी पट आजही पाहावयास मिळतो. आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी घरोघरी फरशीवर खडूने घरे आखून, चिंचोके फोडून किंवा कवड्या घेऊन अष्टाचंगा चाले. चारही कवड्या पालथ्या पडल्या की आठ, उताण्या पडल्या की चार. कवडी कोणी फेकली, कशी फेकली आणि ती भिंतीला लागून उलटली काय, याचा निवाडा तेथल्या तेथे, आजी-आत्यांच्या समक्ष होई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी पचीसीलाच सुटसुटीत रूप देऊन 'ल्युडो' हे नाव दिले आणि तो खेळ पुठ्ठ्याच्या पटावर बसून आपल्याकडे परत आला.

त्याचा आजचा अवतार मोबाइलमधला. नवी मुंबईतील गेमेशन कंपनीचा, विकाश जयस्वाल यांनी काढलेला 'ल्युडो किंग' हा खेळ २०१६ मध्ये बाजारात आला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोहोचला. पुण्यातली लेक, मलकापूरचे आजोबा आणि आखातात नोकरीला गेलेला भाऊ एकाच पटावर बसू शकले. हा आनंद लहान नव्हता आणि त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. उपरोल्लेखित शेतकऱ्याच्या मुलाने पैसे घालवले तो खेळ याहून निराळा, पैशांच्या पैजेचा होता. मात्र खेळ विनापैशाचा असो वा पैशाचा, दोहोंत एक गोष्ट समान आहे. फासा खेळाडूच्या हातातून निघून यंत्रात गेला आहे.

दोन ओळींची करामत

यंत्रात तो कसा जातो, हे मला आमच्याच महाविद्यालयातील संगणकशाखेच्या एका विद्यार्थिनीने समजावून दिले. तिने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून ल्युडोची आज्ञावली लिहिली होती. तिच्या सांगण्याप्रमाणे या कामाचे तीन भाग पडतात. पहिला भाग पटाचा. बाहेरच्या वाटेवर ५२ घरे असतात. संगणकाच्या लेखी ती ० ते ५१ अशा आकड्यांची एक रांग आणि चारही रंगांचे आरंभस्थान तेरा-तेरा घरांच्या अंतरावर. दुसरा भाग नियमांचा आणि चालीचा. सहा पडल्यावाचून सोंगटी बाहेर काढता येत नाही, सुरक्षित घरातील सोंगटी मारता येत नाही, वगैरे. यंत्रच प्रतिस्पर्धी असेल तर कोणती सोंगटी हलवावी हे त्याला शिकवावे लागते. आधी मारता येते का पाहा, मग जीव वाचवता येतो का पाहा, नाहीतर पुढची सोंगटी पुढे न्या, अशा पसंतीक्रमाने साधारण बरा खेळाडू तयार होतो. या भागात मुलीचे तीन महिने गेले होते.

चाल शिकवण्याची ही विद्या जगात पुष्कळ पुढे गेली आहे. १९७९ साली मॉन्टे कार्लो येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या हान्स बर्लिनर यांच्या आज्ञावलीने बॅकगॅमन या फाशांच्या खेळात त्या वेळचा जगज्जेता लुइजी व्हिला याला ७-१ असे हरवले. सामन्यात यंत्राला दाने अनुकूल पडली होती, हे बर्लिनर यांनी स्वतःच प्रांजळपणे नमूद केले. १९९२ च्या सुमारास आयबीएम कंपनीतील जेराल्ड टेसारो यांनी स्वतःशीच लक्षावधी डाव खेळून शहाणी होणारी आज्ञावली केली. यंत्राचे कौशल्य खरे आहे, यात शंका नाही. परंतु विजेत्याने आपल्या यशातील दानाचा वाटा मान्य करावा, हे तेव्हाच शक्य होते जेव्हा दान निःपक्षपातीपणे पडलेले असते.

आणि तिसरा भाग फाशाचा. तो एका ओळीत आटोपतो. यंत्राला एक ते सहांतील एक आकडा मागावयाचा. त्या ओळीखाली विद्यार्थिनीने आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या. मी विचारले तेव्हा ती संकोचून म्हणाली, "सर, माझा धाकटा भाऊ सारखा हरतो आणि रडतो. म्हणून जो मागे पडला असेल त्याला सहाचं दान थोडं जास्त पडेल, अशी सोय केली आहे. खेळही रंगतो." त्या दोन ओळी चालू ठेवून मी तिच्या आज्ञावलीशी दहा डाव खेळलो. मला काहीही जाणवले नाही. उलट खेळ चुरशीचा झाला, असेच मी तिला सांगितले.

बहिणीच्या मायेने लिहिलेल्या दोन ओळी जे करू शकतात, तेच नफ्याच्या हेतूने लिहिलेल्या दोन ओळीही करू शकतात. नवख्याला पहिले काही डाव जिंकू द्यावेत, पैज वाढली की दान आखडते घ्यावे, खिशातली नाणी संपत आली की आशेपुरते एक सहा पडू द्यावे, हे सर्व लिहिणे विद्यार्थिदशेतील मुलीलाही अवघड नाही. कोणत्या व्यावसायिकाने असे केले आहे, असा आरोप मी करीत नाही. केले की नाही हे खेळणाऱ्याला तपासण्याचा मार्ग नाही, हा माझा आक्षेप आहे.

यंत्राची यदृच्छा

संगणक हे आज्ञाधारक यंत्र आहे. तेच आकडे, तीच आज्ञा, तर उत्तरही तेच. अशा यंत्राकडून 'वाटेल तो' आकडा मागणे म्हणजे घड्याळाला लहरीप्रमाणे चालावयास सांगण्यासारखे आहे. ही अडचण संगणकाच्या जन्मापासूनची. जॉन फॉन नॉयमन यांनी सुचवलेली एक जुनी युक्ती कोणालाही कागदावर करून पाहता येईल. ३४५६ ही बीजसंख्या घ्या. तिचा वर्ग ११९४३९३६. मधले चार आकडे ९४३९. त्यांना ६ ने भागून उरते १. त्यात एक मिळवला की दान पडले दोनचे. आता ९४३९ चा वर्ग करा, ८९०९४७२१. मधले आकडे ०९४७, भागाकारात उरले ५, म्हणजे दान सहाचे. पाहणाऱ्याला वाटावे की फासा मोकळा पडतो आहे. पण ज्याला ३४५६ ही बीजसंख्या ठाऊक आहे त्याला पुढची सगळी दाने डाव मांडण्यापूर्वीच ठाऊक आहेत. आजच्या पद्धती याहून फार सुधारलेल्या आहेत हे खरे. तथापि दान सूत्रातून निघते आणि सूत्राची किल्ली कोणाच्या तरी ताब्यात असते, हे मूळ सत्य बदललेले नाही.

मग खेळणाऱ्याने दाने मोजून खरेखोटे करावे, असे कोणी म्हणेल. संख्याशास्त्र याबाबतीत सामान्य माणसाच्या बाजूने नाही. समजा, सहाचे दान सहांत एकदा पडावयाचे ते सातांत एकदा पडेल असा फासा कोणी वाकवला. चारही सोंगट्या घरी नेण्याच्या पूर्ण डावात एका खेळाडूच्या वाट्याला सुमारे सत्तर फेकी येतात असे धरले, तर खऱ्या फाशाचे सहा सरासरीने बारा वेळा आणि वाकड्या फाशाचे दहा वेळा पडेल. नुसत्या योगायोगानेच यात तीनाचा चढउतार होत असतो! फरक खात्रीने ओळखावयाचा तर हजार-दोन हजार फेकींची टिपणे ठेवावी लागतील. इतकी टिपणे ठेवणारा माणूस ल्युडो खेळावयास बसत नाही.

याच्या उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. फासा पूर्ण प्रामाणिक असला तरी सलग दहा फेकींत एकदाही सहा न पडणे हे जवळजवळ सहांत एक वेळा घडणारच. अशा वेळी हरणारा म्हणतो, यंत्राने फसवले. म्हणजे वाकडा फासा ओळखू येत नाही आणि सरळ फाशावर मात्र संशय घेतला जातो. बाजारपेठेचे यापेक्षा मोठे दुर्दैव नाही. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखवले. जेथे विक्रेत्याला मालाचा कस ठाऊक असतो आणि ग्राहकाला नसतो, तेथे खोटा माल खऱ्या मालाला हुसकावून लावतो. या विचारासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मोबाइलमधल्या फाशाला हा सिद्धान्त तंतोतंत लागू पडतो. प्रामाणिक आज्ञावली लिहिणाऱ्याला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याची सोय नसेल, तर प्रामाणिक राहण्याचा मोबदला त्याला कोठून मिळणार?

वऱ्हाडचा धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास वऱ्हाडच्या माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. ते आपल्या कापसाच्या बाजारात दीडशे वर्षांपासून पडून आहे. एके काळी कापसाचा सौदा रुमालाखाली होई. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचे हात कापडाखाली घेत, बोटांच्या खुणांनी भाव ठरे आणि ज्याचा कापूस असे तो शेतकरी बैलगाडीच्या जुवाला टेकून त्या हलणाऱ्या कापडाकडे पाहत राही. भाव वाजवी असेलही, नसेलही. शेतकऱ्याला तो कळत नसे. अडत्या सांगेल तो भाव खरा. या पद्धतीला हत्ता पद्धत म्हणत.

शेतीमालाचा बाजार मोकळा सोडून भागत नाही, हे देशात सर्वांत आधी वऱ्हाडनेच ओळखले. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंजा येथे देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ निघाली आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने अशा नियंत्रित बाजारांचा देशभर पुरस्कार केला. रुमाल काढून उघड लिलाव आणण्यास पुढे पुष्कळ वर्षे लागली आणि बाजार समित्यांचे आजचे दोष काही थोडे नाहीत. परंतु एक तत्त्व कायमचे प्रस्थापित झाले. ज्याचा माल पणाला लागला आहे त्याच्या डोळ्यांदेखत भाव ठरला पाहिजे. त्याचप्रमाणे किराणा दुकानातील तराजूवर आणि अडत्याच्या काट्यावर वैधमापन खात्याची मोहोर असल्याखेरीज तो वापरता येत नाही. दुकानदार लबाड आहे असे गृहीत धरून ही मोहोर मारली जात नाही. प्रामाणिक दुकानदाराला आपला काटा खरा असल्याची ग्वाही ग्राहकाला देता यावी, हाही तिचा उपयोग आहे.

मोबाइलमधला फासा आज नेमका रुमालाखाली आहे. पाटावर पडणारा, उलटणारा, खुळखुळ आवाज करणारा जो फासा आपल्याला दिसतो ते केवळ चित्र आहे. दान आधी ठरते, चित्र मागाहून फिरते. पैशांच्या खेळात ते दूरच्या मध्यवर्ती यंत्रात ठरते, जेथे पैजेतून आपला हिस्सा कापून घेणाराच मालक असतो.

कायदा कोठे थांबतो

आपला कायदा या विषयाकडे फार काळ एकाच दृष्टीने पाहत आला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा? १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ जुगारातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात कौशल्याचा भाग भरीव असलेल्या स्पर्धा निराळ्या मानल्या, तर १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. पैसे लावून खेळावयाचा ल्युडो कोणत्या बाजूला बसतो, हा वाद २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. सोंगटी कोणती हलवावी यात कौशल्य आहे. सहा पडणे हे नशीब आहे. यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ होते. परंतु या साऱ्या ऊहापोहात तिसरी शक्यता बाजूला राहिली. दान जर सूत्र लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असेल, तर तो खेळ कौशल्याचाही नाही आणि नशिबाचाही नाही. त्याला तिसरेच नाव द्यावे लागेल.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैशांची पैज असलेला ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, त्याने निषिद्ध ठरवला. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला. या कायद्याला न्यायालयात आव्हानही देण्यात आले. शेतकरी कुटुंबांची झालेली हानी पाहता बंदीचा हेतू मला मान्य आहे. कारण सरळ फाशानेही हा व्यवहार खेळणाऱ्याला तोट्याचाच असतो. समजा दोघांनी पन्नास-पन्नास लावले आणि जिंकणाऱ्याला नव्वद मिळाले, तर तुल्यबळ खेळाडूही दर डावाला सरासरी पाच रुपये गमावतो. शंभर डावांत पाचशे गेले, आणि तेही कोणी फसवले नसताना!

मात्र बंदीने फाशाचा प्रश्न सुटत नाही. देशाबाहेरून चालणारे खेळ बंदीला सहजासहजी जुमानत नाहीत. आणि जे खेळ कायदेशीर आहेत, विनापैजेचे आहेत, त्यांतही खेळातली नाणी विकली जातात, जाहिराती दाखवल्या जातात. मुलाला अर्धा तास अधिक खिळवून ठेवण्यासाठी दान कमीअधिक करण्याचा मोह तेथेही आहेच. बंदी जुगाराला आहे; मापाला मोहोर अद्याप कोणी मारलेली नाही.

उपाय अवघड नाही

सुदैवाने फाशावरचा रुमाल काढण्याची युक्ती उपलब्ध आहे, आणि ती अष्टाचंगा खेळणाऱ्या मुलांनाही समजावी इतकी सोपी आहे. दोन खेळाडूंनी मनात एक ते सहांतील एकेक आकडा धरावा. एकाच वेळी बोटे दाखवावीत. दोन्ही आकड्यांची बेरीज करावी. सहाच्या वर गेली तर सहा वजा करावेत. जे उरेल ते दान. दोघांपैकी एकाने जरी आपला आकडा खरोखर मोकळेपणाने धरला, तरी दुसऱ्याला दान आपल्याकडे वळवता येत नाही. बोटे तीच, हत्ता पद्धतीतली; फक्त रुमाल नाही.

यंत्रात 'एकाच वेळी' याची जागा सीलबंद पाकीट घेते. डाव सुरू होण्यापूर्वी कंपनीच्या यंत्राने आपल्या गुप्त आकड्याचा गणिती ठसा जाहीर करावा. ठशावरून आकडा ओळखता येत नाही, पण मागाहून आकडा बदलला तर ठसा जुळत नाही. मग खेळाडूंच्या मोबाइलनी आपापले आकडे द्यावेत, सर्वांच्या मिश्रणातून दाने निघावीत आणि डाव संपताच पाकीट फोडावे. ज्याला पडताळा घ्यावयाचा त्याने घ्यावा. ही पद्धत संगणकशास्त्रात सर्वज्ञात आहे आणि काही ठिकाणी वापरातही आहे.

यावरून तीन सूचना कराव्याशा वाटतात. फाशांच्या प्रत्येक संगणकीय खेळाच्या दर्शनी भागावर दान कसे ठरते ते मराठीत, सोप्या शब्दांत लिहिणे सक्तीचे असावे. दान कोणाच्या बाजूने झुकवलेले असेल, अगदी लहान मुलांच्या आनंदासाठी का होईना, तर तसे सांगावे. दुसरे, सीलबंद पाकिटाची पद्धत पाळणाऱ्या खेळांना, वजनकाट्याला मिळते तशी, शासकीय मोहोर मिळावी. नव्या कायद्यात ऑनलाइन खेळांसाठी प्राधिकरणाची तरतूद आहे. ते हे काम करू शकेल. तिसरे, आमच्या महाविद्यालयांतील संगणक विभागांनी विद्यार्थ्यांकडून खेळ लिहून घेताना फाशाची तपासणी हा अभ्यासाचाच भाग करावा. पट रंगवण्याला गुण आहेत, चालीला गुण आहेत. सचोटीच्या त्या एका ओळीलाही असावेत.

सूत्र उघडे केले तर लबाडांना रान मोकळे होईल, असा आक्षेप व्यावसायिक घेतील. त्यास उत्तर १८८३ सालीच ऑगुस्ट केर्कहॉफ यांनी देऊन ठेवले आहे. गुप्तलेखनाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालावी, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. कुलपाची घडण सगळ्यांना ठाऊक असूनही आपण घराला कुलूप लावतोच. दुसरा आक्षेप असा की, खेळ तो खेळ, त्याचे एवढे अवडंबर कशाला? पण यंत्रातला फासा आज केवळ खेळात उरलेला नाही. शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के जागांवर गरिबाच्या मुलाला प्रवेश संगणकीय सोडतीने मिळतो. शेतकऱ्याला ठिबक संच किंवा ट्रॅक्टरचे अनुदान मिळावयाचे की नाही, हे काही वर्षे अशाच सोडतीवर ठरत होते. सरपंचपदाच्या आरक्षणाची चिठ्ठी लहान मुलाच्या हातून, सर्वांसमक्ष निघते. भेंडवळच्या घटमांडणीतील भाकीत कोणी मानो वा न मानो, ती मांडणी उघड्या शेतात होते आणि पहाटे जमलेल्या हजारो लोकांदेखत पाहिली जाते. दान उघड्यावर पडावे, ही आपल्या लोकांची जुनी अपेक्षा आहे. ल्युडोच्या पटावर ती सोडून देणारी पिढी सोडतीच्या पटावर ती आग्रहाने मागेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

महाभारतातील द्यूतसभेत पण लावला दुर्योधनाने आणि फासे टाकले शकुनीने. एकाचा पण आणि दुसऱ्याचा हात, हे युधिष्ठिरालाही विषम वाटले होते आणि त्याने तसे बोलूनही दाखवले होते. पण आक्षेप घेऊनही तो पटावर बसला, आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. नांदुऱ्याच्या त्या शेतकऱ्याने आक्षेप घेतला तो बत्तीस हजार गेल्यावर. आपल्या कायद्याने आणि आपल्या विद्यालयांनी तो डाव मांडण्यापूर्वी घ्यावयास हवा. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. फासा कोण फेकतो ते मलाही दिसत नाही. परंतु तो दाखवण्याची सक्ती करता येते, एवढे मात्र मी आता त्यांना खात्रीने सांगू शकेन.